न्हाणीघराची भिंत आणि फरशीचें ओझें

घराच्या भिंतीला पूर्वी मोजकींच कामें सांगितलेलीं असत. ऊन, वारा आणि पाऊस अडवावा, वरचें धाबें झेलावें आणि आपल्या जागीं स्थिर राहावें, एवढी तिच्याकडून अपेक्षा असे. अलीकडच्या कांहीं दशकांत न्हाणीघराच्या भिंतीवर ह्याखेरीज आणखी एक काम येऊन पडलें आहे. तळापासून पुरुषभर उंचीपर्यंत चकचकीत फरशी तिनें अंगावर वागवावयाची असते. नगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत हिला 'स्टाइल' म्हणतात, शहरांतील दुकानदार 'टाइल' म्हणतात. पूर्वी ती आठ इंच रुंद व बारा इंच उंच अशी बेताची मिळे. आतां दोन फूट रुंद व चार फूट उंच अशी एकेक फरशी बाजारांत आली आहे, आणि कित्येक हौशी घरमालक त्याच्याही पुढें जाऊन ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची लादी भिंतीवर चढवितात. दुकानांत रंग पाहिला जातो, झिलई पाहिली जाते, भावाची घासाघीस होते. परंतु 'आमची भिंत हें ओझें धरील काय?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला तरी दुकानदारास त्याचें उत्तर देतां येत नाहीं, कारण भिंत त्याच्या दुकानांत नसते, ती घरीं असते. हा प्रश्न घरच्या घरीं कसा सोडवावा, ह्याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

ह्या जिल्ह्यांत तो विचार अगत्याचा आहे. २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात तो हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. एका टोकाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला पाथर्डी-जामखेडचें कोरडवाहू माळरान, आणि मध्यें गोदावरी-प्रवरेच्या कांठची काळी जमीन. जशी जमीन तशीं घरें. किंबहुना एकाच घरांत तीन-चार जातींच्या भिंती सांपडतात. जोतें घडीव काळ्या दगडाचें, त्यावर कांहीं उंचीपर्यंत दगड-मातीचें काम, त्याच्यावर पांढरीच्या मातीचे भेंडे किंवा कच्च्या विटा. मागच्या अंगाला पुढच्या पिढीनें काढलेली भाजक्या विटांची खोली. आणि तिला लागून हल्लींच्या सिमेंटच्या ठोकळ्यांची पडवी. नवें न्हाणीघर बहुधा ह्या जुन्या-नव्याच्या सांध्यावरच काढलें जातें. त्यामुळें त्याच्या चार भिंतींपैकीं दोन एका जातीच्या व दोन दुसऱ्या जातीच्या असणें ही नित्याची गोष्ट आहे. वरून एकाच रंगाचा हात फिरला, म्हणजे हा भेद डोळ्यांना दिसेनासा होतो.

जुन्या घरांत न्हाणीघर नसे, मोरी असे. कोपऱ्यांत एक रुंद दगड, भोंवतीं वीतभर उंचीचा कठडा, आणि सांडपाणी परसांतल्या केळीला नाहीं तर अळवाला. भिंतीवर पाणी उडालें तरी ती उघडी असे आणि दिवसभरांत वाळून जाई. आतां चार भिंती जवळ आल्या, दार लागूं लागलें, आणि पाणी वाढलें. तें किती वाढलें ह्याचा हिशेब सोपा आहे. पांच फूट रुंद व सात फूट लांब न्हाणीघराचा तळ सुमारें ३.२५ चौरस मीटर भरतो. घरांत पांच माणसें आणि प्रत्येकीं वीस लिटरची एक बादली धरली, तर रोज १०० लिटर पाणी तेथें ओतलें जातें. तें तळावर सारखें पसरून उभें राहिलें असतें, तर त्याची उंची जवळजवळ ३१ मिलिमीटर झाली असती. पावसाच्या भाषेंत बोलावयाचें तर त्या खोलींत रोज ३१ मिलिमीटर पाऊस पडतो. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत वर्षाकाठीं साडेपांचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. न्हाणीघरांत तेवढा पाऊस एकोणीस दिवसांत पडून जातो. म्हणून ज्या भिंतीनें नगरचे शंभर पावसाळे काढले, ती न्हाणीघराचा हा बारमाही पावसाळाही काढील, असें गृहीत धरतां येत नाहीं.

पाण्याचा हिशेब झाला, आतां ओझ्याचा. भिंतीसाठीं मिळणारी आठ मिलिमीटर जाडीची साधी चिनीमातीची फरशी चौरस मीटरला सुमारें १५ किलो भरते. नऊ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड फरशी सुमारें २१ किलो, आणि वीस मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी सुमारें ५४ किलो. परंतु फरशी एकटी चढत नाहीं. तिच्यामागें तिला धरणारा मसालाही चढतो. सिमेंट-वाळूचा मसाला वीस मिलिमीटर जाड घातला तर त्याचेच चौरस मीटरला ४० किलो होतात. हल्लीं ज्याला गवंडी 'केमिकल' म्हणतात, तो तयार चिकट मसाला पांच मिलिमीटर जाड लागतो व सुमारें ८ किलो भरतो. वर सांगितलेल्या न्हाणीघराला सात फूट उंचीपर्यंत, दार वजा जातां, साडेतेरा चौरस मीटर फरशी लागते. चिनीमातीची फरशी केमिकलनें बसविली तर सर्व मिळून ३१० किलो ओझें होईल. व्हिट्रिफाइड फरशी केमिकलनें बसविली तर ३९० किलो, आणि तीच जाड मसाल्यानें बसविली तर ८२० किलो. ग्रॅनाइट जाड मसाल्यानें बसविलें तर १,२७० किलो, म्हणजे सिमेंटच्या पंचवीस गोण्या चारी भिंतींना टांगल्यासारखें होईल. घरमालकास स्वतःच्या फरशीचा आंकडा काढणें कठीण नाहीं. खोक्याचें वजन त्यांतील फरशीच्या एकंदर क्षेत्रफळानें भागावें, म्हणजे चौरस मीटरचें वजन हातीं येतें.

हे आंकडे ऐकून कोणासही वाटेल कीं, एवढ्या ओझ्याखालीं भिंत चिरडून जाईल. येथें थोडा धीर धरावयास हवा. भाजक्या विटांच्या नऊ इंची भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्याच्या बुडाचें क्षेत्रफळ २,३०० चौरस सेंटिमीटर असतें. त्यावर ग्रॅनाइटचें व मसाल्याचें मिळून सुमारें २०० किलो ओझें येतें. म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक दशांश किलोहूनही कमी. भारतीय मानकांतील अगदीं खालच्या प्रतीची वीटदेखील चौरस सेंटिमीटरला सुमारें ३५ किलो दाब सोसते. वीट आणि मसाला मिळून झालेली भिंत एकट्या विटेहून पुष्कळ कमजोर धरली, तरी फरशीच्या भारानें धड भिंत चिरडणार नाहीं हें उघड आहे.

मग भय कशाचें? भय निसटण्याचें आहे. फरशीचें ओझें भिंतीच्या डोक्यावर नसतें, तें तिच्या अंगाला लटकलेलें असतें. गाडींत भरलेलीं पोतीं आणि गाडीच्या बाजूला दोरीनें टांगलेलें पोतें, ह्या दोहोंचें वजन सारखें असलें तरी दुसऱ्याची सारी भिस्त दोरीवर असते. येथें दोरी म्हणजे पकड. फरशीला मसाला धरतो, मसाल्याला गिलावा धरतो आणि गिलाव्याला भिंत धरते. ह्या साखळींतील एक कडी सुटली, कीं तिच्या पुढचें सगळें खालीं येतें. दोन फूट रुंद व चार फूट उंच व्हिट्रिफाइड फरशी एकटीच १५ किलोची असते; जाड मसाल्यासकट सुटली तर ती ४४ किलोची होते. न्हाणीघरांत माणूस उघड्या अंगानें, बहुधा पाटावर खालीं बसून स्नान करतो; आई मुलाला तेथेंच न्हाऊं घालते. अशा ठिकाणीं डोक्याइतक्या उंचीवरून ४४ किलो सुटणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. म्हणून 'भिंत उभी आहे ना?' एवढें विचारून भागत नाहीं. 'भिंतीचें कातडें भिंतीला धरून आहे ना, आणि आंतून ती कोरडी आहे ना?' असें विचारावें लागतें.

ह्या दोन प्रश्नांतला भेद इतिहासांतही पाहावयास मिळतो. १४९० सालीं निजामशाहीची स्थापना करणारा मलिक अहमद ज्या बहमनी राज्याच्या सेवेंतून पुढें आला, त्या राज्याच्या बिदर राजधानींत महमूद गवान ह्यानें १४७२ सालीं एक मोठा मदरसा उभारला. त्याच्या दर्शनी भिंतींना इराणी धर्तीच्या रंगीत झिलईदार फरश्या जडविल्या होत्या. पुढें औरंगजेबाच्या कारकिर्दींत दारूच्या स्फोटानें इमारतीचा एक भाग कोसळला, ती गोष्ट वेगळी. परंतु ज्या भिंती वांचल्या, त्यांवरूनही पुष्कळ फरश्या गळून गेल्या आहेत. भिंत साडेपांचशे वर्षें उभी राहिली. फरशीची पकड तितकी टिकली नाहीं. उलट नगरजवळच्या फराहबागेचा महाल सोळाव्या शतकांत तळ्याच्या मधोमध बांधला, त्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. जुने कारागीर घाणींत चुना मळून त्यांत गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ घालीत आणि गिलावा घोटून गुळगुळीत करीत. तो भिंतीशीं एकजीव होई, आणि भिंतीचा ओलावा त्यांतून हळूहळू बाहेर पडे. आजची फरशी ओलावा बाहेर पडूं देत नाहीं. म्हणून तिच्यासाठीं भिंतीची परीक्षा अधिक कसोशीनें करावी लागते.

पहिली परीक्षा भिंतीच्या जातीची. दाराच्या चौकटीजवळ किंवा जेथें पुढें फरशी येणारच आहे अशा कोपऱ्यांत, हाताच्या तळव्याएवढा गिलावा छिन्नीनें काढावा. प्रत्येक भिंतीवर एक असे चार ठिकाणीं हें करावें. एका भिंतीवरून दुसरीचें अनुमान करूं नये. आंतून काय निघतें तें पाहावें. विटांच्या सांध्यांतील मसाल्याचा सुपारीएवढा खडा काढून पेलाभर पाण्यांत टाकावा. चुन्याचा किंवा सिमेंटचा खडा तसाच राहतो; मातीचा खडा थोड्या वेळांत विरघळून पेल्याच्या तळाशीं गाळ बसतो. ह्या परीक्षेला कांहीं खर्च नाहीं. पण घर माहीत असलेल्या माणसासही ती पुष्कळदां चकित करते, कारण वरून सिमेंटचा गिलावा आणि आंत मातीचा सांधा, असें काम जुन्या घरांत सर्रास आढळतें. वीट हातीं आली तर तिचीही परीक्षा घेतां येते. कोरडी वीट तोलून ती चोवीस तास पाण्यांत बुडवावी व पुन्हां तोलावी. साधारण चांगल्या विटेचें वजन एक पंचमांशाहून अधिक वाढूं नये. वाढल्यास वीट कच्ची समजावी.

खडा विरघळून गाळ झाला, म्हणजे भिंत मातीची ठरली, तर पुढच्या परीक्षा घेण्याचें कारण नाहीं. मातीच्या भिंतीवर जड फरशी चढवूं नये. नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत जुनी गढी असते. पांढरीच्या मातीची ती प्रचंड भिंत छप्पर असेपर्यंत आणि डोकें कोरडें असेपर्यंत टिकली. छप्पर गेलें, वरून पाणी शिरलें, आणि ती ढेकळाढेकळांनीं खचूं लागली. न्हाणीघराच्या मातीच्या भिंतीचेंही तसेंच होतें, फक्त तें दिसत नाहीं. फरशीच्या सांध्यांतील सिमेंट पाण्याला पुरतें अडवीत नाहीं. थेंब थेंब आंत जातो आणि फरशी व सिमेंटचा गिलावा त्याला परत बाहेर येऊं देत नाहींत. वरून भिंत आरशासारखी चकाकत असतां आंत तिचा चिखल होत असतो. जुन्या धाब्याच्या घरांत छपराचें ओझें पुष्कळदां लांकडी खांब-तुळयांवर असतें, म्हणून एखादी भिंत बसली तरी घर तगतें. परंतु जेथें तुळया थेट भिंतींत रोंवलेल्या आहेत, तेथें भिंतीबरोबर धाबेंही खालीं येण्याचें भय आहे. अशा घरांत फरशीचीच हौस असेल तर दोन मार्ग आहेत. न्हाणीघर परसांत, स्वतंत्र पायावर, भाजक्या विटांचें काढावें. किंवा जुन्या भिंतीपासून चार बोटें अंतर सोडून आंतल्या बाजूस अर्ध्या विटेची नवी भिंत स्वतःच्या पायावर उभारावी, तिचे कोपरे एकमेकांत गुंफावे, आणि मधल्या पोकळींत वारा खेळेल अशीं भोंकें ठेवावीं. फरशी ह्या नव्या भिंतीवर बसवावी, म्हणजे जुन्या भिंतीवर तिचा भारही पडत नाहीं आणि ओलही जात नाहीं.

भिंत दगडाची निघाली तर मनुष्य निश्चिंत होतो. पण तेथेंही एक गोष्ट पाहावयाची असते. जुन्या जाड दगडी भिंतीला पुष्कळदां दोन तोंडें असतात, एक आंतलें व एक बाहेरचें, आणि मध्यें माती व दगडांची कपची भरलेली असते. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, तर हीं तोंडें काळांतरानें एकमेकांपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारों माणसें मृत्यु पावलीं. तेथील मातींत रचलेल्या अशाच जाड दगडी भिंती व त्यांवरचीं मातीचीं जड धाबीं ह्यांचा त्या प्राणहानींत मोठा वांटा होता. भूकंप नसतांनाही ही विकृति हळूहळू होत असते, आणि तिचें चिन्ह म्हणजे भिंतीला आलेलें पोट. वरून ओळंबा सोडून दर फुटाला दोरी व भिंत ह्यांमधलें अंतर मोजावें. मध्यें अंतर कमी व वर-खालीं अधिक भरलें, तर भिंत फुगलेली आहे. अशा भिंतीवर आंतून ओझें चढविणें म्हणजे सुटूं पाहणाऱ्या तोंडाला ओढ देणें होय. आधीं ती जाणत्याकडून बांधून घ्यावी. फरशीचा विचार त्यानंतर.

भाजक्या विटांची व सिमेंट-मसाल्याची भिंत असली, तर पुढची परीक्षा गिलाव्याची. लांकडी हातोडीच्या दांड्यानें किंवा बोटांच्या सांध्यांनीं गिलावा वीत वीत अंतरावर ठोकीत जावें. चिकटलेला गिलावा टणक, आंखूड आवाज देतो. सुटलेला गिलावा कच्च्या मडक्यासारखा बद्द वाजतो. बद्द वाजणारी जागा खडूनें रेखीत जावी. शेवटीं भिंतीकडे पाहिलें असतां खडूचीं वर्तुळें थोडीं व विखुरलेलीं दिसलीं, तर तेवढाच गिलावा काढून नवा करावा. भिंतीचा चौथा-पांचवा हिस्सा रेखला गेला, तर सगळाच गिलावा विटेपर्यंत काढणें शहाणपणाचें. त्यानंतर खिळ्यानें गिलावा ओरबाडून पाहावा. खिळा नुसती रेघ ओढील तर ठीक. वाळू भुरभुरूं लागली किंवा खांच पडली, तर गिलाव्यांत सिमेंट कमी पडलें आहे अथवा त्याला पाणी मारलेलें नाहीं, असें समजावें. रंगाच्या थरावर फरशी कधींही बसवूं नये, कारण मसाला भिंतीला न धरतां रंगाला धरतो, आणि रंग कोणाचाच नसतो.

नव्या सदनिकांत जिप्समचा पांढरा गिलावा असतो, त्याविषयीं विशेष सावधगिरी हवी. तो नखानेंही ओरखडतो, आणि पाण्यानें मऊ होतो. ब्रिटनमध्यें फरशी बसविणारे लोक जिप्समच्या गिलाव्यावर चौरस मीटरला २० किलो आणि जिप्समच्या पातळ फळीवर ३२ किलो, तेंही मसाल्यासकट, एवढीच मर्यादा पाळतात. वरच्या हिशेबांत साधी चिनीमातीची फरशीसुद्धां मसाल्यासकट २३ किलो भरली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जिप्सम काढून सिमेंटचा गिलावा करणें कां आवश्यक आहे तें कळेल.

तिसरी परीक्षा ओलीची. दोन फूट चौरस प्लास्टिकचा स्वच्छ कागद भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट लावावा व दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस दंव दिसलें, तर ओल भिंतींत आहे. बाहेरील बाजूस दिसलें, तर ती खोलींतल्या हवेची आहे. प्रवरेच्या पट्ट्यांत ही परीक्षा चुकवूं नये. १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदरा धरणानें व त्याच्या कालव्यांनीं त्या भागांत उसाची समृद्धि आणली. त्याबरोबर कित्येक ठिकाणीं जमिनींत पाणी साचून क्षारही वर आले. हे क्षार ओलीबरोबर भिंतींत चढतात, वाळतांना त्यांचे स्फटिक बनतात आणि गिलाव्याला आंतून ढकलतात. ह्यालाच लोक भिंतीला लोणा लागला असें म्हणतात. लोण्याचा पांढरा फुलोरा दिसत असतां वरून फरशी लावणें म्हणजे रोग झांकणें होय. ओल कोठून येते तें प्रथम शोधावें. नळ बदललेले असतील तर रात्रीं सर्व तोट्या बंद करून टाकींतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळीं पाहावी; पातळी उतरली तर गळती कोठें तरी आहेच. ही तपासणी फरशीच्या आधीं केली तर एक तोटी बदलून काम भागतें. नंतर केली तर फरशी फोडावी लागते.

चौथी परीक्षा भेगांची. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें ह्या बाजूला उथळ पायाच्या घरांना त्यामुळें पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. भेग जुनी आणि थांबलेली आहे कीं अजून हलते आहे, हें पाहणें महत्त्वाचें. भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची चुन्याची किंवा प्लास्टरची पातळ टिकली लावून तिच्यावर तारीख लिहावी. टिकली तडकली तर भिंत हलते आहे. हलणाऱ्या भिंतीवर कितीही उंची फरशी लावली तरी ती भेगेच्या रेषेवर फुटेल किंवा उचकटेल. ह्या परीक्षेला एक उन्हाळा व एक पावसाळा जावा लागतो खरा. पण जें काम पंचवीस वर्षें टिकावें अशी इच्छा आहे, त्यासाठीं सहा महिने थांबणें फार नाहीं.

येथवर भिंत उतरली, तर ओळंबा व सरळ पट्टी घेऊन तिचा सपाटपणा पाहावा. सहा-सात फूट लांबीची पट्टी भिंतीला टेकविली असतां खालीं तीन मिलिमीटरहून अधिक फट राहूं नये. भिंत वांकडी असली, कीं गवंडी ती चूक मसाला जाड करून भरून काढतो, आणि ओझ्याचा सगळा हिशेब तेथेंच बिघडतो. वांकडेपणा आधीं गिलाव्यानें दुरुस्त करून, तो वाळल्यावर फरशी पातळ मसाल्यावर बसवावी.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष फरशीची. जुनी चिनीमातीची फरशी मागच्या बाजूनें पाणी शोषी. म्हणून गवंडी ती भिजत घालून सिमेंटनें बसवीत, आणि सिमेंट तिच्या रंध्रांत शिरून पकड घेई. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्कादेखील पाणी शोषीत नाहीं. सिमेंटला शिरावयास तेथें वाटच नसते. म्हणून तिला भारतीय मानक १५४७७ प्रमाणें भिंतीसाठीं योग्य त्या प्रकारचा चिकट मसाला लागतो, आणि तो दांतेरी थापीनें फरशीभर सारखा पसरावा लागतो. चार कोपऱ्यांत चार आणि मध्यें एक असे गोळे ठेवून फरशी दाबण्याची जी घाईची रीत आहे, तींत फरशीचा बराच भाग अधांतरीं राहतो आणि मागच्या पोकळींत पाणी सांचतें. काम सुरू करण्यापूर्वीं भिंतीवर त्याच मसाल्यानें एकच फरशी लावून आठ-दहा दिवस राहूं द्यावी आणि मग छिन्नीनें उचकटावी. ती कोठून सुटते तें पाहावें. फरशीचे तुकडे होऊनही मसाला भिंतीला व फरशीला धरून राहिला, तर सर्व साखळी मजबूत आहे. फरशी स्वच्छ पाठीनें हातांत आली तर मसाला अयोग्य; गिलाव्याचें थरकूट घेऊन आली तर गिलावा अयोग्य. ग्रॅनाइटसारखी जड लादी उंच चढवावयाची असेल, तर नुसत्या चिकटपणावर न विसंबतां तिला न गंजणाऱ्या धातूचे आंकडे भिंतींत पक्के बसवून आधार द्यावा.

वरच्या मजल्यावरील न्हाणीघराला आणखी एक प्रश्न लागू होतो. तेथें भिंतीनें धरलेलें ओझें अखेर खालच्या छताला पेलावयाचें असतें. लांकडी तुळयांच्या जुन्या माडीवर, किंवा पुढें काढलेल्या सज्ज्यावर, हजार-बाराशे किलो नवें ओझें चढविण्याचा निर्णय घरमालकानें किंवा गवंड्यानें एकट्यानें घेऊं नये. इमारतींच्या जाणकार अभियंत्याला जागेवर आणून दाखवावें.

ह्या परीक्षांना लागणारें साहित्य म्हणजे एक छिन्नी, एक ओळंबा, पेलाभर पाणी, खडूचा तुकडा आणि प्लास्टिकचा कागद. गवंड्याला बोलावण्यापूर्वीं त्या उरकाव्या. कारण गवंडी आल्यावर मजुरी चालू होते आणि मग कोणालाही थांबावेंसें वाटत नाहीं. परीक्षेंत भिंत उतरली नाहीं तर निराश होण्याचें कारण नाहीं. फरशी कमरेइतकी लावली, जड लादीऐवजीं हलकी फरशी घेतली, किंवा जुन्या भिंतीवर चुन्याचाच गिलावा नीट घोटून घेतला, तरी न्हाणीघर स्वच्छ व सुंदर होऊं शकतें. दुकानांत फरशी पसंत करावयास जातांना घरांतल्या बायकामाणसांनीं रंगाची निवड जरूर करावी. मात्र त्यांच्या हातीं घरच्या चार भिंतींचा निकाल आणि चौरस मीटरच्या वजनाचा आंकडा हे दोन कागद आधींच असावे. ज्या खोलींत घरांतलें लहान मूल रोज उघड्या अंगानें उभें राहणार आहे, त्या खोलीच्या भिंतींविषयीं एवढी चौकशी करणें हें घर बांधणाराचें कर्तव्यच आहे.